काकांचा फॉरवर्ड आणि अर्धा टक्का

परवा सकाळी कलीगच्या गाडीतून कोलोनहून बॉनला ऑफिसला चाललो होतो. ए ५५५ नावाचा हायवे आहे, जेमतेम वीस किलोमीटरचा, आणि रोज सकाळी त्यावर हमखास 'श्टाऊ', म्हणजे आपला ट्रॅफिक जॅम. गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली म्हणून मोबाईल काढला, तर फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. वर हातगाडीभर नोटा नेणाऱ्या माणसाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली लिहिलेलं की जर्मनीत महागाई इतकी वाढली की लोकांनी हिटलरला आणलं, मग त्याने ऑटोबान (म्हणजे इथले हायवे) बांधले आणि सगळ्या बेकारांना काम दिलं. शेवटी काकांची स्वतःची ओळ: "तू तिथेच आहेस, सांग बरं खरं का खोटं. आपल्यालाही असाच एक दंडुकेवाला पाहिजे." त्याखाली आठ अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

गंमत म्हणजे मी ज्या रस्त्यावर अडकलो होतो तोच या फॉरवर्डचं उत्तर होता. हा रस्ता ६ ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला, म्हणजे हिटलर चॅन्सेलर (इथला पंतप्रधान म्हणा) व्हायच्या जवळजवळ सहा महिने आधी. उद्घाटन केलं कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी, जे पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. बेकारांना काम मिळावं म्हणून मुद्दाम मशीन कमी आणि माणसं जास्त लावून बांधलेला रस्ता. नाझी आले, आडेनाउअरना घरी बसवलं, आणि मग या रस्त्याचा दर्जा चक्क कमी करून तो साधा रस्ता ठरवला, कारण 'पहिला ऑटोबान आम्हीच बांधला' असं सांगायचं होतं. दुसऱ्याच्या कामावर आपली पाटी लावायची पद्धत आपल्याकडे नवीन नाही, पण दुसऱ्याचं कामच कमी प्रतीचं होतं असं कागदोपत्री करून टाकायचं, याला वेगळंच डोकं लागतं. आणि बेकार होते साठ लाख, तर ऑटोबानवर ऐन भरात असतानाही माणसं होती सव्वा लाखाच्या आसपास. बाकीचे बरेचसे सैन्यात आणि शस्त्रांच्या कारखान्यात गेले. त्याचं पुढे काय झालं ते कोलोनच्या जुन्या फोटोंमध्ये दिसतं, कॅथेड्रल उभं आणि आजूबाजूला नुसता राडारोडा.

हे सगळं काकांना टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की खरी अडचण त्या हातगाडीची आहे. तो फोटो १९२३ चा. माझ्याकडे त्या काळातली पाच कोटी मार्कांची नोट आहे, इथल्या जुन्या बाजारात दोन युरोला घेतलेली. मागची बाजू कोरी, उलटी बाजू छापायलाही फुरसत नव्हती. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते (हो, मीसुद्धा शून्यं दोनदा मोजली). त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये उठाव करून पाहिला, तो दुसऱ्याच दिवशी फसला आणि साहेब तुरुंगात गेले. मग नवीन चलन आलं, अमेरिकेची कर्जं आली, गाडी रुळावर आली. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला मतं पडली फक्त २.६ टक्के! म्हणजे हातगाडीनंतर पाच वर्षांनी या माणसाला कोणी विचारत नव्हतं. काकांच्या फॉरवर्डमध्ये मधली ही सगळी वर्षं गायब आहेत.

आता माझ्या सॅलरी स्लिपकडे येतो, कारण त्या दिवशी नेमकी तीपण आली होती. त्यात बेकारी विम्याची एक कपात असते, १.३ टक्के माझे आणि तितकेच कंपनीचे. सहा वर्षं मी या ओळीला शिव्या घालतोय की बाबा मी काही बेकार नाहीये, मग माझे पैसे का. पण हा विमा १९२७ साली सुरू झाला आणि १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यावर अमेरिकेचा पैसा परत जायला लागला, कारखाने बंद पडायला लागले, विम्याची तिजोरी रिकामी झाली. सरकारात वाद काय, तर वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चार करायची की नाही. कामगारांचा पक्ष म्हणतो वाढवा, उद्योगपतींचा पक्ष म्हणतो नाही. मधला तोडगाही निघाला होता, तोही बारगळला. अर्ध्या टक्क्यावरून मार्च १९३० मध्ये हेरमान म्युलर यांचं सरकार पडलं, आणि हिटलरच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकाचं संसदेत बहुमत असलेलं ते शेवटचं सरकार. तेव्हा ही भांडणारी मंडळी काही दुष्ट नव्हती, प्रत्येकाला वाटत होतं आपण आपल्या लोकांच्या खिशाचं रक्षण करतोय, जसं मला दर महिन्याला स्लिप बघून वाटतं.

नंतर चॅन्सेलर म्हणून आले ब्रुनिंग. संसद ऐकेना म्हणून राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने अध्यादेशावर अध्यादेश. सरकारी पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले, तेही लोकांकडे काहीच नसताना. लोक त्यांना 'भुकेचा चॅन्सेलर' म्हणायचे. आणि काका, तेव्हा महागाई नव्हतीच हो, उलट भाव उतरत होते! स्वस्ताई होती, पण खिशात पगार नसेल तर स्वस्ताई घेऊन काय करणार. सप्टेंबर १९३० मध्ये हिटलरच्या पक्षाचे २.६ चे १८.३ टक्के झाले, जुलै १९३२ मध्ये ३७.३. संसदेशिवाय अध्यादेशावर देश चालतो याची सवय तोपर्यंत सगळ्यांना झालेली होती, हुकूमशहाला येऊन नवीन काही शिकवावं लागलं नाही.

माझ्या शेजारी एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई राहतात. इतकी वर्षं शेजारी असूनही आमचं अजून अहो-जाहोच आहे, 'आजी' म्हणायची इथे सोय नाही. मूळच्या उत्तरेकडच्या, श्लेस्विग-होल्स्टाइनच्या. ती पाच कोटींची नोट त्यांना दाखवली तर हसल्या नाहीत. त्यांच्या आजोबांचं गावात शिवणकामाचं दुकान होतं, त्यांनी वीस वर्षं विम्याचे हप्ते भरले आणि १९२३ मध्ये हातात आलेल्या रकमेत टपालाचं तिकीटही येत नव्हतं. तेव्हा ते गप्प बसले. पुढे शेतकऱ्यांच्या मालाला भाव मिळेना, गोठ्यातली जनावरं जप्तीत जायला लागली, मग कपडे कोण शिवणार. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं की आजोबांनी १९३२ साली कोणाला मत दिलं. त्यांच्या भागात त्या पक्षाला ५१ टक्के मतं होती. "ते बेकार नव्हते," त्या म्हणाल्या, "दुकान उघडंच होतं." हे 'दुकान उघडंच होतं' माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्यांची नोकरी खरंच गेली त्यातले बरेच कम्युनिस्टांकडे गेले होते. हिटलरकडे वळले ते जास्त करून आपलंही जाईल या धास्तीतले.

आणि तरीही १९३२ च्या नोव्हेंबरात हिटलरची वीस लाख मतं घटली होती. पक्षाची तिजोरी खडखडीत. मंदी तळाला टेकून थोडी वर यायला लागली होती. इथे आमच्या कोलोनमध्ये एका बँकरच्या घरी ४ जानेवारी १९३३ ला हिटलर आणि माजी चॅन्सेलर पापेन भेटले, आणि महिनाअखेरीला ३० तारखेला हिटलर चॅन्सेलर. त्या घरासमोरच्या फुटपाथवर एक पाटी बसवली आहे, मी मुद्दाम बघून आलो. लोक कुत्री फिरवत होते.

ऑफिसात हा विषय निघाला तेव्हा एकजण अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला की गरीब देशांना हा धोका जास्त, तुमच्याकडे काळजी वाटत असेल ना. सटकलीच माझी. म्हटलं, बहात्तरच्या दुष्काळात आमच्या महाराष्ट्रात लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, खडी फोडली, पण सरकारने काम काढलं, आणि वि. स. पागेंच्या डोक्यातली रोजगार हमी पुढे कायदा झाली. तुम्ही ऐन मंदीत भत्ता कापत होतात. मग त्याने आणीबाणीबद्दल विचारलं. आता आली का पंचाईत. महागाई, रेल्वेचा संप, आंदोलनं आणि मग जून १९७५, हे मीही नाकारू शकत नाही, आमचे बाबा अजून म्हणतात की तेव्हा गाड्या वेळेवर धावायच्या. पण मी म्हटलं, आम्ही १९७७ मध्ये मत देऊन उतरवलं, तुम्हाला उतरवायला महायुद्ध लागलं. ही तुलना धड नाही हे मला बोलता बोलताच कळत होतं, पण त्या दिवशी तरी मागे घेतली नाही.

काकांना एवढं सगळं लिहून मग पुसून टाकलं. त्यांची भाचीच्या लग्नाची धावपळ चालू आहे आणि ग्रुपवर वाद नको असं आईने बजावलंय. शेवटी ए ५५५ चा गाडीतून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "काका, हा रस्ता हिटलरच्या आधीचा आहे." दहा मिनिटांत उत्तर आलं: "छान. खड्डा एकही दिसत नाही."