देणगीसाठी बेकिंग: सुरुवात एकाच बिस्किटापासून

विद्यार्थ्यांच्या गटाने सुरुवातीला केकच्या वाटेला जाऊ नये. क्रीम टिकत नाही, ने-आण करताना बिघडतं. साधी बटर बिस्किटं घ्या: मैदा 300 ग्रॅम, बटर 200, पिठीसाखर 100, चिमूटभर मीठ. प्रत्येकी 20 ग्रॅमचे गोळे केले की जवळपास 30 नग होतात. गोळे वजनकाट्यावरच तोला. अंदाजाने केले तर एकाच ट्रेमधली लहान बिस्किटं करपतात आणि मोठी मधे कच्ची राहतात.

चपटे केलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बटर लवकर वितळून बिस्किटं पसरतात. मग 160 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर काढा. गरम असताना मऊच लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. पूर्ण गार होण्याआधी पिशवीत भरली तर वाफ धरते आणि सगळा माल मऊ पडतो.

पाकिटावर गहू आणि दूध असल्याचं ठळक लिहा. ॲलर्जीच्या बाबतीत हयगय नकोच.

किंमत ठरवताना पाकिटं, वीज आणि तुटलेले नगही खर्चात धरा. आगाऊ ऑर्डर घेतलेली उत्तम. रोकड दोघांनी मिळून मोजावी. देणगी नफ्यातून जाणार की पूर्ण विक्रीतून, हे मात्र विक्रीआधीच लिहून लावा.