लान्झारोते : वाऱ्याच्या बेटावरचे ट्रायथलॉन शिबिर

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर असलेले लान्झारोते हे राजकीयदृष्ट्या स्पेनचे आणि भूगोलाच्या दृष्टीने अटलांटिक महासागराचे बेट आहे. पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ करायच्या ट्रायथलॉन या खेळातील लोकांच्या मनात या बेटाची जी ओळख पक्की बसलेली आहे, ती विमानतळाबाहेर पाऊल टाकताच अंगावर येते, आणि ती म्हणजे वारा. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे इथे वर्षातील बराच काळ मुक्काम ठोकून असतात आणि उंच झाडे जवळजवळ नसल्यामुळे त्यांना कुठे अडथळाही येत नाही. १९९२ पासून या बेटावर पूर्ण अंतराची आयर्नमॅन स्पर्धा भरते. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावणे हे अंतर जगभर सारखेच असले, तरी इथल्या सायकलमार्गावर सुमारे अडीच हजार मीटरची चढण आहे आणि तिच्या जोडीला हा वारा आहे, त्यामुळे या मालिकेतील कठीण शर्यतींमध्ये तिचे नाव नेहमी घेतले जाते. हिवाळ्यातही उबदार राहणारी हवा, अत्यल्प पाऊस आणि चांगले रस्ते यांमुळे युरोपातील खेळाडू थंडीच्या दिवसांत सरावासाठी इथे येतात. मी इथल्या एका शिबिराला गेलो तो वसंताच्या सुरुवातीला, अर्ध्या अंतराच्या शर्यतीची तयारी मनात धरून.

एकट्याने सराव करणाऱ्या माणसाजवळ आकडे पुष्कळ जमतात. किती किलोमीटर झाले, नाडी किती होती, सरासरी वेग किती पडला, हे सगळे मनगटावरचे घड्याळ सांगते. मात्र पाण्यात डावा हात शरीराची मधली रेषा ओलांडून उजवीकडे जातो आहे की नाही, हे ते सांगत नाही. शिबिराला जाण्याचे माझ्या लेखी खरे कारण हेच होते की, जाणत्या माणसाने आपल्याला पोहताना, सायकल चालवताना आणि धावताना सलगपणे पाहावे.

पहिले दोन दिवस चाचण्यांत गेले. पोहण्याच्या तलावात आधी ४०० मीटर आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर पूर्ण जोर लावून पोहायचे. दोन्ही वेळांतील फरक निम्मा केला की जो वेळ येतो, तो दर शंभर मीटरसाठी आपल्याला दीर्घकाळ टिकवता येण्याजोगा वेग समजायचा. सायकलवर वीस मिनिटे सर्व ताकदीनिशी चालवून पॉवर मीटरवर, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, येणाऱ्या सरासरीच्या ९५ टक्के हा आपला उंबरठा, म्हणजे तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर, धरायचा. या दोन आकड्यांवर पुढचा सगळा कार्यक्रम बेतलेला होता आणि त्यातील बहुतांश सराव उंबरठ्याच्या बराच खाली, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सौम्य गतीने करायचा होता. शिबिर म्हणजे रोज दमछाक, अशी कल्पना करून आलेल्या काही जणांना हे पचनी पडायला वेळ लागला. आमच्या मुख्य प्रशिक्षक स्वतः अनेक वर्षे पूर्ण अंतराच्या शर्यती खेळलेल्या. त्यांचे सांगणे एकच होते : या खेळात प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यासाठी हात राखून करावा लागतो, आणि हात राखणे हेही सरावानेच येते.

समुद्रातील पहिल्या सत्राआधी त्यांनी वेटसूट, म्हणजे पोहण्याचा अंगाबरोबर बसणारा रबरी पोशाख, कसा चढवायचा हे इतक्या बारकाईने शिकवले की, त्यातच अर्धा तास गेला. आधी पायाच्या पंजावर प्लास्टिकची पातळ पिशवी घालायची, म्हणजे रबरी कापड घोट्यावरून अलगद सरकते. नखे लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी चिमूट धरून कापड वर वर सरकवत न्यायचे. मांड्यांच्या जांघेत किंचितही पोकळी राहू द्यायची नाही, कारण तिथे राहिलेली पोकळी पुढे खांद्यावर ओढ होऊन येते आणि प्रत्येक हाताला ती सोसावी लागते. शेवटी मानेभोवती वंगण लावायचे, कारण खारे पाणी आणि रबर यांच्या घर्षणाने कातडी सोलवटते. हे सारे केल्यावर खांदे खरोखरच मोकळे फिरू लागले आणि सूटच्या तरंगशक्तीमुळे कंबर आपोआप पाण्याच्या वर आली. आयर्नमॅनच्या नियमांनुसार हौशी स्पर्धकांना पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट घालता येतो. इथले पाणी त्या दिवसांत त्याहून बरेच थंड असते, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता.

प्वेर्तो देल कार्मेनच्या लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावरून आम्ही पाण्यात शिरलो. आयर्नमॅनचे पोहणेही याच किनाऱ्यावर होते. तलावाच्या तळाशी असलेली काळी रेघ इथे नसते, म्हणून काही हातांनंतर डोळे मगरीसारखे पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून समोरचा केशरी बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, शोधायचा, आणि लगेच मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा. पूर्ण डोके वर उचलले की पाय बुडतात आणि वेग मोडतो. मला या सत्रात सर्वांत मोलाचे वाटले ते दुसऱ्याच्या मागे पोहणे. सायकलच्या टप्प्यात पुढच्याच्या आडोशाला राहायला आयर्नमॅनमध्ये बंदी असते, हौशी स्पर्धकांनी बारा मीटरचे अंतर सोडायचे असते. पाण्यात मात्र पुढच्याच्या पायांमागे किंवा त्याच्या नितंबांच्या बाजूला राहून पोहण्याची पूर्ण मुभा आहे, आणि त्यामुळे वाचणारी शक्ती अक्षरशः हाताला जाणवते. प्रशिक्षकांनी आम्हाला चौघाचौघांच्या रांगांत सोडून दर बोयानंतर पुढच्याने मागे जायचे, असा क्रम लावून दिला. पुढे असताना जो वेग जड जात होता, तोच वेग मागे आल्यावर सहज वाटू लागला, बुडबुड्यांची पांढरी रेघ डोळ्यांसमोर धरून श्वासाची लय बसली आणि लाटांकडे लक्ष द्यायचे भानही राहिले नाही.

सायकलीचे दिवस हे या प्रवासाचे वैभव होते. १७३० ते १७३६ या काळात इथे झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांनी बेटाचा मोठा भाग लाव्ह्याखाली झाकला गेला आणि तिमानफाया राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जाणारा रस्ता त्या काळ्या, खडबडीत, थिजलेल्या पसाऱ्यातून सरळ निघतो. पुढे ला हेरियाच्या उतारांवर शेतकऱ्यांनी राखेत वाटोळे खड्डे खणून प्रत्येकात द्राक्षाचा एकेक वेल लावला आहे आणि खड्ड्याच्या काठावर वाऱ्याच्या बाजूने दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत रचली आहे. राख रात्रीचा दमटपणा धरून ठेवते आणि भिंत वारा अडवते. सायकलवर त्या भिंतींच्या शेजारून जाताना, आपल्यालाही वाऱ्याशी असेच समजुतीने वागावे लागणार, हे कोणी न सांगता समजत होते.

समोरून वारा असताना वेगाच्या आकड्याकडे पाहायचेच नाही, फक्त पॉवरकडे पाहायचे, हा तिथला पहिला धडा. ताशी किलोमीटर घसरत जातात, मन अस्वस्थ होते आणि पाय नकळत जोर लावू लागतात. ती उसनवारी धावताना व्याजासकट फेडावी लागते. आडव्या वाऱ्याचे तंत्र वेगळे आहे. रुंद रिमची चाके पुढून झोका खातात, अशा वेळी हँडल घट्ट आवळले की सायकल अधिकच भरकटते. कोपरे सैल सोडावीत, वजन किंचित पुढे घ्यावे, घराच्या किंवा टेकडीच्या आडून बाहेर पडताना झोताची अपेक्षा आधीच ठेवावी आणि एअरो बारवरून, म्हणजे वाकून कोपरे टेकवायच्या पुढच्या दांड्यांवरून, हात वेळीच ब्रेकवर आणावेत. बेताच्या रुंदीच्या रिमची चाके घेऊन आलेल्यांचे दिवस सुखाचे गेले.

उत्तरेकडे ताबायेस्कोहून आरियाच्या डोंगराकडे चढणारा रस्ता ट्रायथलॉनपटूंच्या विशेष प्रेमाचा आहे आणि ते प्रेम मला पूर्णपणे पटले. चढ लांब आहे पण अंगावर येणारा नाही, वळणे मोकळी आहेत आणि एकाच गिअरमध्ये, एकाच लयीत बराच वेळ राहता येते. त्या दिवशी प्रशिक्षकांनी आम्हाला उंबरठ्याच्या तीन-चतुर्थांश जोराच्या वर अजिबात जाऊ दिले नाही. आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका सुरुवातीला सर्वांच्या मागे होत्या. वरच्या वळणांवर त्यांनी एकेक करून कितीतरी जणांना गाठले, तेव्हा त्यांचा श्वास खाली होता तसाच शांत होता. पुढे मिरादोर देल रिओपाशी कड्याच्या टोकावर थांबलो. समोर निळ्या पाण्यापलीकडे ला ग्रासिओसा हे छोटे बेट पसरलेले होते. सेसार मान्रिके या लान्झारोतेच्याच कलावंताने १९७० च्या दशकात हे दर्शनस्थळ कड्याच्या पोटात असे दडवून बांधले की, बाहेरून इमारत अशी दिसतच नाही. बेटावर काँक्रीटची बजबजपुरी माजली नाही, याचे मोठे श्रेय त्यांच्या आग्रहाला दिले जाते. सायकलस्वाराला मोकळे क्षितिज मिळते ते त्या आग्रहामुळेच, असे मला वाटते.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. किनाऱ्यालगतच्या सपाट रस्त्यावर सकाळी सौम्य धाव आणि एखादे दिवशी वेगाचे छोटे तुकडे, एवढाच तो कार्यक्रम होता. खरी कसोटी लागली ती सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सत्रांत, ज्यांना या खेळात ब्रिक म्हणतात. त्याआधी एक पूर्ण दुपार फक्त टप्पा बदलण्याच्या सरावाला दिलेली होती. हेल्मेट हँडलवर उलटे, पट्टे दोन्ही बाजूंना सोडलेले. बूट पेडलला आधीच अडकवलेले आणि ते जमिनीला घासू नयेत म्हणून टाचेच्या फाशातून पातळ रबरबँड घेऊन सायकलच्या सांगाड्याला बांधलेले. पेडल मारू लागताच रबरबँड आपोआप तुटतो. हेल्मेटची कडी लावल्याशिवाय सायकल जागेवरून उचलायची नाही आणि ठरलेली रेघ ओलांडल्याशिवाय तिच्यावर बसायचे नाही, हे नियम मोडले तर शर्यतीत शिक्षा होते. एकच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिल्यावर हात विचार न करता चालू लागले.

शेवटच्या मोठ्या ब्रिकला प्रशिक्षकांनी आमच्या घड्याळांवर चिकटपट्टी लावली. डोंगराचा फेरा करून यायचे, सायकल ठेवायची आणि ज्या वेगाने अर्धे अंतर धावणार, त्या वेगाने केवळ अंगाच्या अंदाजावर धावायचे. आधी प्रत्येकाने आपला वेग कागदावर लिहून दिलेला होता. पहिल्या किलोमीटरला मांड्या अजून पेडल मारत असल्यासारख्या वाटतात आणि पावले आपल्याला वाटते त्याहून वेगाने पडतात, हे तोवर अंगवळणी पडले होते, म्हणून मी मुद्दाम आखूड पावले टाकत, खांदे सैल ठेवून सुरुवात केली. चिकटपट्टी काढली तेव्हा कागदावरचा वेग आणि घड्याळातला वेग यांत किलोमीटरमागे काही सेकंदांचेच अंतर होते. शिक्षिकाबाईंचे त्याहूनही कमी होते आणि त्यांच्यासाठी सर्वांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

अशा शिबिराला जाऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. एका प्रशिक्षकामागे शिबिरार्थी किती, आणि पाण्याखालचे चित्रीकरण करून ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवतात का. माझा डावा हात मध्यरेषा ओलांडत होता, हे मला त्याच चित्रणात दिसले. निघताना हाती पडलेल्या वेळापत्रकात पहिल्या आठवड्यासाठी फक्त हलके पोहणे आणि भरपूर झोप लिहिलेली आहे, चाचण्या चार आठवड्यांनी पुन्हा घ्यायच्या आहेत आणि तोपर्यंत पोहण्याच्या प्रत्येक सत्राची सुरुवात त्या एका हाताच्या सरावाने करायची आहे.