फाउंड्रीतल्या सूचना नव्यानं लिहिताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, एसजी आयर्नच्या (ज्यात ग्रॅफाइट गोल कणांच्या रूपात असतं अशा ओतीव लोखंडाच्या) कामाच्या लेखी सूचना सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मूळ मजकूर त्या त्या विभागाच्या इंजिनिअरनं लिहिलेला. माणसं कामात पक्की, पण लिखाण असं: ‘मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर धातू शक्य तितक्या लवकर ओतण्यात यावा, जेणेकरून गुणवत्तेवर विपरीत परिणाम होणार नाही.’

कुणी ओतायचा? लवकर म्हणजे किती? उशीर झालाच तर काय? लिहिणाऱ्याला हे सगळं पाठ असतं, म्हणूनच ते कागदावर उतरत नाही.

कागद घेऊन मी ओतकाम करणाऱ्या मामांकडे गेलो आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. ‘शक्य तितक्या लवकर’पाशी ते अडले. म्हणाले, “साहेब, लॅडल भरल्यावर ह्यो इचार कवा करायचा?” (लॅडल म्हणजे वितळलेला धातू नेऊन ओतायचं भांडं.)

मग भट्टीच्या इंजिनिअरला शेजारी बसवलं. ट्रीटमेंटमध्ये वितळलेल्या धातूत घातलेलं मॅग्नेशियम वेळ गेला की कमी होत जातं, मग ग्रॅफाइट गोल आकारात तयार होत नाही, कास्टिंग ठिसूळ होतं, हे त्यानं तोंडी झकास समजावलं. बोलताना एकदाही ‘जेणेकरून’ म्हणाला नाही! मी त्याचं बोलणंच उतरवून घेतलं: ‘ट्रीटमेंट संपली की ओतणाऱ्यानं घड्याळ सुरू करावं. 10 मिनिटांत लॅडल रिकामं करावं. वेळ संपली तर उरलेला धातू साच्यात ओतू नये, पिग करावा. उशिरा ओतलेलं कास्टिंग ठिसूळ होतं.’ (पिग करणं म्हणजे पुन्हा वितळवता येतील असे साधे ठोकळे ओतणं.)

“एवढं सोपं लिहिल्यावर ऑडिटर काय म्हणेल?” ही त्याची शंका. विमानांच्या देखभालीची पुस्तकं ज्या एएसडी-एसटीई100 मानकानुसार लिहितात, त्यात सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं असतं आणि शक्यतो एका वाक्यात एकच काम सांगतात. तो नियम इंग्रजीसाठी आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून आम्ही वाक्यं त्याहून आखूड ठेवली. विमानाला चालतं ते आपल्या कास्टिंगला चालायलाच हवं, यावर मी ठाम राहिलो.

कारण लिहायचं की नाही, यावर मात्र बराच वाद झाला. मी ते ठेवलंच. कारण माहीत असलेला माणूस घाईच्या वेळीही घड्याळ बघतो.

सध्या रिजेक्शन रिपोर्ट हातात घेतलेत. कोणत्या हीटमध्ये (भट्टीतून एका वेळी वितळवलेल्या धातूत) कोणता दोष, माल थांबवायचा की सोडायचा, हे शेवटच्या पानावरून पहिल्या ओळीत आणतोय.