रात्री साडेआठचं नेट

आर्वी तालुक्यात आमचं गाव. आधी केबल टीव्हीची वायर ओढायचो, आता फायबर. तीन गावं मिळून दोनशेच्या वर कनेक्शनं आहेत. मागच्या सोयाबीन काढणीत रोज रात्री साडेआठ वाजले की फोन सुरू. "भाऊ, नेट चालूनच नाही राह्यलं!" १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सहा-सात मिळत होते. एका मुलीचा एमपीएससीचा क्लास नेमका त्याच वेळी असायचा. तिचा फोन आला की पोटात कालवायचं.

फायबरचे जोड पुन्हा मारले, पॉवर मीटर लावून पाहिला, सिग्नल चांगला. शेवटी एका रात्री लॅपटॉप घेऊन राउटरपाशीच बसलो. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि वरून आलेली लाइन अर्धीही भरलेली नाही!

चूक माझीच होती. पोरांसाठी घाणेरड्या साइट बंद करा, असं पालकांनी सांगितलं होतं. मी राउटरवर लेअर-सेव्हनचे, म्हणजे डेटाच्या आतला मजकूर चाळून पाहणारे, चाळीस नियम टाकले. ते सगळ्या वाहतुकीला लागावेत म्हणून फास्टट्रॅकही, म्हणजे चालू कनेक्शनचा डेटा नियम न तपासता पुढं सोडणारा रस्ताही, बंद केला. झालं असं, की प्रत्येक नव्या कनेक्शनची सुरुवातीची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, राउटर चाळीस नमुन्यांशी ताडून पाहत बसला, आणि व्हिडिओचं एकेक पाकीटही फायरवॉलच्या सगळ्या नियमांतून जाऊ लागलं. शिवाय आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे आतला मजकूर कुलूपबंद. साइटचं नाव तेवढं सुरुवातीला दिसतं. एवढी झडती घेऊन हाती फारसं काही लागतच नव्हतं.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या येतात तेव्हा गेटवर नुसती पावती पाहिली तर रांग सरकते. तिथंच गाडीगाडीतला कापूस उपसायला घेतला तर रांग गावाबाहेर जाईल. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये प्रयोगशाळेत साइट अडवणारे सहा फिल्टर तपासले होते. एकानं वेग जेमतेम २ टक्के घटला, दुसऱ्या एकानं ८७ टक्के! फिल्टरनं नेट मंदावतं का, याचं उत्तर तो कुठं बसवला नि किती खोल पाहतो, यावर आहे.

मी ते नियम काढले, फास्टट्रॅक चालू केला आणि जुन्या कॉम्प्युटरवर साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर बसवून बंदीची यादी तिथं टाकली. फोन साइटचा पत्ता विचारतो तेव्हाच काय ते हो-नाही. पुढच्या हजारो पाकिटांना कोणी हात लावत नाही. आयपी पत्तेच बंद करायचा विचार सोडून दिला, कारण एका पत्त्यावर शेकडो साइट असतात, भलत्याच बंद पडतात.

त्याच रात्री साडेआठला प्रोसेसर तीस टक्क्यांच्या आत आणि त्या मुलीकडे ९२ एमबीपीएस.

फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावला, म्हणजे पत्ता माझ्याऐवजी दुसऱ्याच सर्व्हरला विचारायला लावलं, की मात्र ही बंदी सहज ओलांडता येते. शाळेतल्या सभेत पालकांना ते स्पष्ट सांगितलं आणि सेटिंग कुठं असते तेही दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी पोराचा फोन आणलाच होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "आत्ताच पाहून द्या भाऊ."