सोळाव्या वर्षी ब्राम्स

आमच्या वेळी दहावीला संस्कृत घेणाऱ्यांत कालिदासासाठी घेणारे फार थोडे. बाकी सगळे ‘स्कोअरिंग’ म्हणून घ्यायचे, आणि मी त्या बाकीच्यांतलीच. इंग्लंडात येऊन इतकी वर्षं झाली तरी हा संस्कार काही धुऊन गेलेला नाही. त्यामुळे लेकीने क्लॅरिनेटच्या आठव्या ग्रेडची यादी जेवणाच्या टेबलावर पसरली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, ‘‘यातले स्कोअरिंग कुठले गं?’’

‘‘आई, हे म्युझिक आहे.’’

असू दे की. परीक्षाही आहेच.

आणि परीक्षा साधीसुधी नाही. एबीआरएसएम ही लंडनची संस्था १८८९ पासून जगभरच्या पोरांना वाजवायला लावून मार्क देते आहे. आठवी ग्रेड ही त्या शिडीची शेवटची पायरी, त्यापुढे डिप्लोमे. जुन्या पद्धतीत तीन पीस, प्रत्येकी ३० मार्कांचे. मग स्केल्सना २१, न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवून वाजवायला २१ आणि कानाच्या परीक्षेला १८. एकूण १५०. शंभरला पास, १३० ला डिस्टिंक्शन. २०२० पासून दुसरी वाट निघाली आहे. तिच्यात स्केल्स नाहीत, कानाची परीक्षा नाही. चार पीस एका दमात वाजवून त्याचं चित्रीकरण पाठवायचं. प्रत्येक पीसला ३०, आणि चारही मिळून मैफल कशी झाली याचे आणखी ३०. वेळ वीस मिनिटांच्या आत. लेकीने ही दुसरी वाट धरली. अलंकार-पलटे न घोटता परीक्षा म्हणजे काय, असं माझ्यातली हार्मोनियमची विद्यार्थिनी कुरकुरली, पण तिला या घरात कोणी विचारत नाही.

मार्कांचा मुद्दा मी उगाच काढला नव्हता. इथे विद्यापीठाच्या प्रवेशाला ‘यूकॅस’चे गुण लागतात, आणि आठव्या ग्रेडला ते मिळतात: पासला १८, मेरिटला २४, डिस्टिंक्शनला ३०. ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, एका विषयातल्या ए-स्टारला (सर्वांत वरच्या श्रेणीला) ५६ असतात, हे लक्षात घेतलं की ३० म्हणजे काय ते कळतं. सगळी विद्यापीठं हे गुण धरत नाहीत, पण महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत उभं राहिलं की हे आकडे तोंडपाठ असलेले आईबाप भेटतात. यादीतले संगीतकार, वेबर कोण, ब्राम्स कोण, हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. मलाही नव्हतं.

मी साताऱ्यात गांधर्वच्या परीक्षा दिल्या त्या मध्यमापर्यंत. तिथे निवडीची भानगडच नव्हती. अभ्यासक्रमात जेवढे राग असतील तेवढे तयार हवेत. परीक्षक आधी गोड आवाजात तुमच्या आवडीचा राग विचारणार आणि तो जरा रंगात आला की ‘‘बरं, आता केदार वाजवा’’ म्हणणार. सगळी भीती त्या ‘बरं, आता’ची. इथे परीक्षकाला असं काही म्हणता येत नाही. तुम्हीच सांगायचं, मी हे, हे आणि हे वाजवणार. ऐकायला सोपं वाटतं. पण केदार बिघडला तर ‘नेमका केदारच विचारला’ म्हणून घरी येऊन रडता येतं. स्वतः निवडलेला पीस बिघडला तर कोणाच्या नावाने रडणार?

तीन याद्या असतात. अ यादीत बोटांची कसरत. ब यादीत गाणारे, लांब श्वासाचे पीस. क यादीत नाना तऱ्हांचं, नाना देशांचं. प्रत्येकीतून एक घ्यायचा आणि चौथा आपल्या मनाचा. यादीतलाच किंवा बाहेरचा, फक्त त्याच तोडीचा किंवा वरचा हवा.

अ यादीचं मला लवकर कळलं, कारण तिथली अडचण डोळ्यांना दिसते. क्लॅरिनेट हे विचित्र वाद्य आहे. बासरीत जोरात फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटमध्ये आठ नव्हे, बारा स्वर वर उडी पडते. सा च्या जागी थेट वरचा प. त्यामुळे मधल्या जागेत एक खिंड तयार होते. खिंडीच्या अलीकडच्या स्वराला जवळजवळ सगळी भोकं उघडी आणि लगेच पुढच्याला सगळी बोटं एकदम खाली, तीही एकही आवाज न गळता. वेबरला ही खिंड ठाऊक होती आणि त्याने तिच्यावरून मुद्दाम ये-जा ठेवली आहे. १८११ साली म्युनिकच्या हाइनरिश बेअरमान नावाच्या वादकासाठी त्याने आधी कॉन्चेर्तीनो (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्याची छोटी रचना) लिहिलं. ते बव्हेरियाच्या राजाला इतकं आवडलं की त्याने लगोलग दोन कॉन्चेर्तो, म्हणजे तशाच पण मोठ्या रचना, मागवले. वेबर तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि ते ऐकू येतं. अंगात वारं भरलेलं संगीत आहे. लेकीने अ साठी वेबर घेतला. त्यावर वाद झाला नाही.

वाद झाला ब यादीवर. या पातळीला वर्षानुवर्षं फिरणारी नावं मी एका रविवारी चहा घेत वाचत बसले, सालं पाहत गेले, आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती निघेना. मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्तो १७९१ चा. त्याच डिसेंबरात तो गेला. ब्राम्सचे दोन सोनाटा (क्लॅरिनेट आणि पियानो अशा जोडीच्या रचना) १८९४ चे, १८९७ मध्ये तो गेला. सेंसाँसचा सोनाटा १९२१ चा, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी लिहिलेला. तेही त्याचं शेवटचंच वर्ष. पूलँकने १९६२ मध्ये सोनाटा लिहिला, जानेवारी १९६३ मध्ये गेला, आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन आणि लिओनर्ड बर्नस्टाइन यांनी तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा ऐकायला पूलँक नव्हता. या वाद्यात काय आहे कोण जाणे, माणसं आवराआवर करताना त्याच्याकडे येतात. ब्राम्सचं तर ठरलेलंच होतं, आता लिहिणं बंद. मग १८९१ मध्ये मायनिंगनच्या वाद्यवृंदात त्याने रिशार्ट म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं आणि पुन्हा कागद काढला. हा म्यूलफेल्ट मुळात तिथे व्हायोलिन वाजवायला आलेला. क्लॅरिनेट त्याने आपलं आपणच शिकून घेतलं होतं. एका माणसाच्या वाजवण्यावर एक त्रिकूट, एक पंचकूट आणि दोन सोनाटा. आणि त्यातल्या एका सोनाटाची संथ मूव्हमेंट, म्हणजे संथ भाग, आमच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जिथे कपाटाचं दार कधीच बंद नसतं आणि जमिनीवर मोजे पसरलेले असतात, तिथे वाजणार.

मला ते काही केल्या पटेना. म्हटलं, तू सोळा वर्षांची आहेस, तुला कशाला हवी ही निरवानिरव? फिन्झीच्या बॅगटेल्स, म्हणजे छोट्या हलक्या रचना, आहेत, गोड आहेत, पियानोही सोपा आहे. ब्राम्सचा पियानो अवघड, साथीला येणारे सर तासावर पैसे घेतात, आणि अवघड साथीला तालमीचे तास जास्त. (हा मुद्दा मी तिसऱ्या क्रमांकावर मांडला, पण मनात तो पहिला होता.)

‘‘ते सॅड नाहीये आई, दमलेलं आहे,’’ लेक म्हणाली. ‘‘आणि दमणं मला माहितीये. मॉक्स चालू आहेत माझ्या.’’

यावर काय बोलणार? आपल्याकडे बारा वर्षांची मुलं स्पर्धेत विरहाची ठुमरी गातात आणि परीक्षक डोळे पुसतात; तेव्हा कोणी विचारत नाही की बाळा, तुला कोण सोडून गेलं. तिच्या क्लॅरिनेटच्या बाईंचं म्हणणं वेगळंच होतं. वयाचा प्रश्न नाही, म्हणाल्या, श्वासाचा आहे. जलद पीसमध्ये पन्नास स्वर धावतात, त्यांतला एक घसरला तर कोणाच्या लक्षात येत नाही. संथ पीसमध्ये लपायला जागा नसते. रीड, म्हणजे तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी, थोडी जरी जड असली तरी स्वर सुरू व्हायच्या आधी हवेचा फुसफुस आवाज सगळ्यांना ऐकू जातो. म्हणजे मी ज्याला सोपं समजून ‘स्कोअरिंग’च्या रकान्यात टाकत होते, ते संथ पीसच सगळ्यांत महाग पडणारे होते. तरीही ब्राम्स राहिला. आता मला तो पाठ झाला आहे आणि कणीक मळताना माझा हात त्याच्याच लयीत चालतो.

क साठी मॅल्कम अरनॉल्डचा सोनाटिना, १९५१ चा. हा इंग्लिश गृहस्थ आधी लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रंपेट वाजवायचा. त्याचं संगीत चिडवल्यासारखं अंगावर येतं. शेजाऱ्यांनाही आवडलं.

राहिला चौथा, मनाचा. यादी नसली की माणूस खरा अडतो. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आजोबांनी नाट्यगीत सुचवलं. ‘‘आमच्या लग्नातल्या बँडचा क्लॅरोनेटवाला असा वाजवायचा की वरात पुढे सरकायची नाही.’’ लेकीने एक संध्याकाळ मनापासून प्रयत्न केला, पण दोन स्वरांच्या मधला प्रवास तिच्या बोटांना शिकवलेलाच नाही. मग मी देब्यूसीचं नाव काढलं, कारण त्याची गोष्ट मला आवडली होती. १९१० मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्वात्वारमध्ये क्लॅरिनेटच्या परीक्षेसाठीच त्याने ‘प्रमिएर रापसोदी’ लिहिली आणि स्वतः परीक्षकांत बसून ती विद्यार्थ्यांकडून ऐकली. पुढच्या वर्षी तिला वाद्यवृंदाची साथही लिहिली. प्रश्नपत्रिका इतकी सुंदर असू शकते हे मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं. पण ती या ग्रेडच्या बरीच वरची. त्याच परीक्षेसाठी त्याने एक छोटा पीसही लिहिला होता, समोर ठेवल्याबरोबर वाजवायचा. आणि आज पोरं तोच महिना महिना बसवतात. तो मात्र या ग्रेडला हलका पडतो, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे देब्यूसीच्या एका टोकाला पोचता येईना आणि दुसऱ्याला मार्क मिळेनात.

शेवटी लेकीने स्ट्राविन्स्की काढला. १९१८ चे, एकट्या क्लॅरिनेटचे तीन पीस, मिळून चारेक मिनिटं. वेर्नर राइनहार्ट नावाच्या एका स्विस व्यापाऱ्याने त्याच्या कामाला पैसे दिले होते, आणि हा व्यापारी हौसेने क्लॅरिनेट वाजवायचा, म्हणून त्याला ही भेट. दुसऱ्या पीसमध्ये मात्रांच्या उभ्या रेघाच नाहीत. मला त्यात सगळ्यांत काय आवडलं असेल तर ‘एकट्या क्लॅरिनेटचे’. साथ नाही, म्हणजे तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. मी उत्साहाने होकार दिला. बाई जरा साशंक होत्या, पण पहिला पीस जमेल म्हणाल्या. फक्त एक, म्हणाल्या, स्ट्राविन्स्कीने तो शक्यतो ए क्लॅरिनेटवर वाजवा असं लिहून ठेवलंय. लेकीचं बी-फ्लॅट. ए म्हणजे तेच वाद्य, जरा लांब, अर्ध्या स्वराने खालच्या पट्टीतलं, आणि किंमत वाचवलेल्या साथीच्या कितीतरी पट.

बी-फ्लॅटवर वाजवला तरी चालतो, पुष्कळजण वाजवतात. पण आता नाव निघालं होतं. तालुक्याच्या युवा वाद्यवृंदाकडून एक ए क्लॅरिनेट उसनं मिळालं. फॉर्म भरायला चार दिवस होते, क्रम ठरला होता: आधी वेबर, मग ब्राम्स, मग एकट्याने स्ट्राविन्स्की म्हणजे साथीदाराला विश्रांती, आणि ओठ पुरते थकायच्या आत अरनॉल्ड. मी तो कागदावर लिहून फ्रिजला लावला.

तासाभराने वरून जे ऐकू आलं ते या चौघांपैकी कोणाचंच नव्हतं. वर गेले तर लेक नव्या वाद्यावर वाकलेली.

‘‘आई, मोझार्ट मूळ पट्टीत वाजवता येतोय. आणि शूमानपण ए साठीच लिहिलंय. वेबरच्या ऐवजी मोझार्ट घेऊ का?’’

मी खाली आले आणि फ्रिजवरचा कागद काढून ठेवला.