सतरंजीसमोरचे स्वगत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी आठवली ती सभागृहातील निळ्या पट्ट्यांची सतरंजी. नववीत असताना स्नेहसंमेलनासाठी शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधील एक भाग मराठीत बसवायचे ठरले आणि अँटनीची भूमिका माझ्या वाट्याला आली. सीझरचा खून झाल्यावर त्याचा मित्र अँटनी रोमच्या जमावापुढे करतो ते भाषण मी आठवडाभरात तोंडपाठ करून तालमीत खणखणीत म्हणून दाखवले. मराठीच्या सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले, सतरंजीची गुंडाळी रंगमंचाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, “हा सीझर. भाषण राहू दे, आधी याच्याशी एकट्याने बोल.”

मारेकरी निघून गेल्यावर अँटनी प्रेताजवळ एकटा उरतो आणि सूडाची भाषा बोलतो, तो मजकूर मी वगळण्याजोगा समजत होतो. सरांनी उलगडून दाखवले की हे स्वगत प्रेक्षकाने ऐकलेले असते म्हणूनच पुढच्या भाषणात रोमच्या नागरिकांना केवळ मित्राचा शोक ऐकू येतो आणि प्रेक्षकाला त्याखालचा बेतही. मारेकऱ्यांपैकी एक असलेला ब्रूटस अँटनीच्या आधी जमावापुढे गद्यात, मुद्देसूद बोलतो आणि लोकांना पटले असे मानून निघून जातो. अँटनी पद्यात बोलतो, गहिवरून थांबतो आणि ब्रूटसला वारंवार सन्माननीय म्हणत त्या शब्दाचाच अर्थ फिरवतो. एकाचा भाबडा सरळपणा, दुसऱ्याची हिकमत आणि जमावाचे चंचल मन असे सारे त्या दोन भाषणांतून उभे राहते. तो एक शब्द मी दर वेळी एकाच सुरात म्हणत असे. सरांनी त्यावर चार दिवस तालीम घेतली.

“वाक्य कोण ऐकतोय, ते आधी ठरव,” असे ते सतत सांगत.

पुढे कॉलेजात असताना ठाण्याच्या गडकरी रंगायतनात विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात, खेळ म्हणून मांडलेल्या खटल्याच्या शेवटी, आरोपी ठरवलेल्या बेणारेबाईंना बोलण्यासाठी घड्याळ लावून मोजका वेळ दिला जातो. बाई मन मोकळे करतात, परंतु त्या वेळी रंगमंचावरची बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. नाटक सुटल्यावर मी तलावपाळीच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “बाईंचे कोणी ऐकले?”

“फक्त आम्ही, सर,” मी म्हणालो.