भूल जास्त झाली नव्हती

"भूल जास्त झाली होती काय हो, मॅडम?" मी भूल देणारी डॉक्टर, आणि त्या एका पेशंटबद्दल हाच प्रश्न मला लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा तर गोकुळपेठ बाजारात भाजी निवडताना. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते: नाही. डोस नेहमीचाच होता.

मे महिना. आतड्याला छिद्र पडलेला तरुण मुलगा, पोट भरलेलं. उलटी फुप्फुसात जायच्या आत श्वासाची नळी घालायची, म्हणून स्कोलिन दिलं, स्नायू झटपट ढिले करणारं इंजेक्शन. तरी नळी घालताना जबडा उघडेना. होतं असं कधी कधी, म्हटलं, आणि नळी गेल्यावर सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू लावला. थोड्याच वेळात श्वासातला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ५५, मग ७०. मी नळी तपासली, व्हॉल्व्ह तपासले, मशीनला शिव्या घातल्या. मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमच्या डब्याला हात लागला तर चटका बसला. तरी मनात काय, तर एसी नीट चालत नाही, नागपूरचा उन्हाळा आहे! सर्जन म्हणाला, "मॅडम, पोट टाइट आहे, रिलॅक्संट द्या ना." तेव्हा कुठे ट्यूब पेटली. थर्मामीटर तोवर ३८ च्या आसपासच. या आजाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे घातक ताप, म्हणतात खरं, पण ताप बहुतेक वेळा मागाहून येतो.

स्नायूंच्या पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं. त्याचं दार आरवायआर१ या जनुकावरून घडतं. काहींचं दार जन्मतःच कच्चं. स्कोलिन किंवा भुलीचा वायू मिळाला की ते उघडतं ते मिटतच नाही. स्नायू आखडून बसतात, ऑक्सिजन जाळत राहतात, अंग आतून तापतं, रक्तात आम्ल आणि पोटॅशियम चढतं.

त्याची आई म्हणाली, "मागच्या टायमाले अपेंडिक्स काढलं तवा तर काहीच नव्हतं झालं माह्या पोराले." खरं आहे. एकदा निभावलं म्हणजे पुन्हा निभावेलच असं नसतं.

औषध एकच, डँट्रोलीन. वजनाच्या किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे त्याला २० मिलिग्रॅमच्या नऊ बाटल्या. आमच्याकडे एकही नव्हती. वायू बंद, शंभर टक्के ऑक्सिजन, थंड सलाइन, वॉर्डबॉयने सरबताच्या गाडीवरून पळत आणलेला बर्फ. बाकीचं ऑपरेशन प्रोपोफॉलवर, म्हणजे शिरेतून द्यायच्या भुलीवर, उरकलं. लघवी कोकाकोलासारखी झाली, डायलिसिस लागलं. वाचला पोरगा.

"घरात कुणाला भुलीचा त्रास?" हे मी आधी विचारलं होतं हो! नाही म्हणाले. बाराव्या दिवशी त्याची मावशी सहज बोलून गेली, त्याचे मामा हर्नियाच्या ऑपरेशनला टेबलावरच गेले. "पण ते तर हार्टनं गेले ना." १९६० साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी या आजाराची नोंद केली, तेव्हा त्यांच्या २१ वर्षांच्या पेशंटने स्वतःच बजावलं होतं की माझे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीखाली गेलेत. मला कुणी बजावलं नाही. आता मी सरळ विचारते, "घरात कुणी ऑपरेशनच्या टेबलावर गेलंय का?" पेशंट घाबरतात, सर्जन चिडतात.

आणि तो जबडा? तिथेच थांबायला हवं होतं, असं आज मला वाटतं. पण पोट भरलेलं, आतडं फुटलेलं, थांबून काय केलं असतं? निदान सेव्हो तरी लावलं नसतं. नसतं लावलं? त्या दिवशीच्या मला विचाराल, तर ती म्हणेल, होतं असं कधी कधी.